यंत्राची लक्षणा

साहित्याच्या वर्गांत एक विधान वारंवार ऐकू येते: संगणकाची भाषा एकार्थी असते, साहित्याची अनेकार्थी. तिथे संदिग्धतेला थारा नाही. इथे संदिग्धता हेच भांडवल. असे म्हणणाऱ्याने बहुधा एकही आज्ञावली लिहिलेली नसते, आणि ज्याने ती लिहिलेली असते तो आपल्या वर्गात बसलेला नसतो. त्यामुळे ते खोडून काढायला कोणी उठत नाही. माझ्या मते हे विधान चुकीचे आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ते आपल्याला सोयीचे आहे. अर्थ कसा ठरवला, कोणत्या नियमाने ठरवला, हे सांगण्याच्या जबाबदारीतून ते आपल्याला अलगद सोडवते. नियम काय ते यंत्राकडे, आपल्याकडे प्रतिभा.

म्हणून आधी यंत्र अर्थ कसा लावते ते पाहू. वाचकाला प्रोग्रामिंग येत असण्याची गरज नाही. व्याकरण आणि थोडा काव्यशास्त्राचा परिचय पुरे.

जावा ही संगणकभाषा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने प्रसिद्ध केली. तिच्या चकव्यांवर जोशुआ ब्लॉक आणि नील गॅफ्टर यांनी २००५ साली 'जावा पझलर्स' नावाचे पुस्तक काढले. त्यातले एक कोडे असे: यदृच्छेने तीनपैकी एक शब्द छापायचा आहे, 'पेन', 'गेन' किंवा 'मेन'. इंग्रजी लिपीत या शब्दांची शेवटची तीन अक्षरे सारखीच. तेव्हा लेखकाने पहिले अक्षर निवडून त्याची एक शब्दमाला घडवली आणि तिला ती तीन अक्षरे जोडली. आज्ञावली चालवली की दर वेळी शेवटची तीन अक्षरे तेवढी छापली जातात. पहिले अक्षर गडप. कोड्यात आणखी दोन चुका दडवलेल्या आहेत, पण अक्षर नाहीसे होते ते तिसरीमुळे, आणि आपल्या कामाची तीच.

झाले ते असे. 'स्ट्रिंगबफर' नावाचा एक प्रकार आहे. त्यात मजकूर साठवायचा आणि वाढवत न्यायचा. अशी वस्तू घडवण्याच्या विधीला कन्स्ट्रक्टर म्हणतात. एकाच नावाचे अनेक विधी असू शकतात आणि हाती दिलेल्या साहित्यावरून कोणता विधी योजायचा ते कंपायलर ठरवतो. स्ट्रिंगबफर काहीही न देता घडवता येतो, एखादी शब्दमाला देऊन घडवता येतो, किंवा आत किती अक्षरांची जागा राखायची तो आकडा देऊन घडवता येतो. एकटे अक्षर देऊन घडवण्याची सोय मात्र कोणी केलेली नाही. लेखकाने 'एम' हे एकटे अक्षर दिले. जावाच्या पोटात अक्षर हीही एक लहान संख्याच असते, आणि लहान संख्येची मोठी संख्या करायला परवानगी लागत नाही. 'एम'चा संकेतांक ७७. म्हणून कंपायलरने ७७ अक्षरांची जागा असलेले एक रिकामे भांडे घडवून दिले. मागितले अक्षर, मिळाली त्या अक्षराच्या क्रमांकाइतकी पोकळी. आणि एक अक्षराचीही तक्रार नाही.

अक्षराची संख्या करणे आपल्याला नवे नाही. कटपयादी पद्धतीत व्यंजनाचा अंक होतो. भूतसंख्येत नेत्र म्हणजे दोन आणि वेद म्हणजे चार होतात. भास्कराचार्यांनी स्वतःचे जन्मवर्ष, शके १०३६, असेच शब्दांत गुंफून सांगितले आहे. पण तिथे हे रूपांतर होणार याची वर्दी आधी मिळालेली असते. शकाचा उल्लेख येतो, गणिताचा ग्रंथ असतो, अंक उजवीकडून डावीकडे वाचण्याचा संकेत वाचकाला ठाऊक असतो. त्या संदर्भात वेद हा शब्द आला की कोणी ऋचा म्हणू लागत नाही. जावाच्या कोड्यात वर्दी नाही, संकेत लेखकाच्या मनात नाही, आणि रूपांतर मात्र बिनबोभाट पार पडलेले आहे.

दुसरे उदाहरण सी प्लस प्लस या भाषेतले, आणि मला अधिक अस्वस्थ करणारे. समजा, उत्तर नोंदवून ठेवण्यासाठी कोणी 'नोंद' नावाचा प्रकार केला. ती घडवण्याचे दोन विधी ठेवले: एक खरे-खोटे या दोनच मूल्यांपैकी एक घेणारा, दुसरा मजकुराची स्ट्रिंग घेणारा. आता अवतरणचिन्हांत 'नाही' हा शब्द लिहून नोंद घडवली. कोणताही शहाणा वाचक म्हणेल, अवतरणचिन्हांत मजकूर आहे, तेव्हा मजकुराचा विधी लागू होणार. प्रत्यक्षात पहिला विधी लागू होतो आणि नोंद होते 'खरे' अशी. 'नाही' लिहिले, 'होय' नोंदले गेले.

कारण ऐतिहासिक आहे. सी प्लस प्लस ही सी भाषेच्या कुशीतून निघाली. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी बेल लॅब्जमध्ये १९७९ साली 'सी विथ क्लासेस' या नावाने तिचे काम सुरू केले. १९८३ साली तिला आजचे नाव मिळाले. सीमध्ये अवतरणचिन्हांतला मजकूर म्हणजे स्मृतीत ओळीने मांडलेली अक्षरे, आणि त्यांचा उल्लेख होतो तो पहिल्या अक्षराच्या पत्त्याने. पत्ता शून्य नसेल तर तो खरा, शून्य असेल तर खोटा, हाही सीचाच जुना रिवाज. उलट स्ट्रिंग हा प्रकार भाषेच्या गाभ्यातला नाही. तो ग्रंथालयातला (लायब्ररीला आपण हाच शब्द वापरतो, आणि इथे तो शोभतोही). म्हणून कायद्याने पत्त्याचे खरे-खोटे होणे हे घरातले रूपांतर ठरते, आणि पत्त्याची स्ट्रिंग होणे हे बाहेरून कोणीतरी लिहून दिलेले. दोन्ही शक्य असली की घरातले जिंकते. शब्द काय म्हणतो हे यंत्र विचारतच नाही. शब्द आहे ना? मग खरे.

या निवाड्यामागे पायऱ्यांची एक उतरंड आहे आणि ती भाषेच्या प्रमाणग्रंथात लिहिलेली आहे. सर्वांत वर तंतोतंत जुळणी. खाली बढती, म्हणजे लहान संख्येची नेमून दिलेली मोठी संख्या होणे. त्याखाली भाषेने दिलेली इतर रूपांतरे, त्याखाली लेखकांनी निर्माण केलेली, आणि अगदी तळाशी 'काहीही चालेल' असे म्हणणारे विधी. वरच्या पायरीवरचा खालच्याला बाधतो.

मीमांसा वाचलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटावी. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या ही विनियोगाची सहा प्रमाणे जैमिनींनी याच पद्धतीने लावली आहेत. दोघांत विरोध आला तर नंतरचे दुर्बळ, कारण ते अर्थापासून अधिक दूर पडते. त्याचे नेहमीचे उदाहरण आहे इंद्राच्या ऋचेचे. ऋचेतल्या शब्दांचे सामर्थ्य पाहिले तर ती इंद्रासाठी आहे. पण तिने गार्हपत्य अग्नीची उपासना करावी असे विधिवाक्य स्पष्ट सांगते. मीमांसक निकाल देतात की ऋचा गार्हपत्याकडे जाईल आणि तीतल्या इंद्रवाचक शब्दाचा गौण अर्थ घ्यावा. 'इंद्र' म्हटले आणि अग्नीकडे गेले. 'नाही' म्हटले आणि 'खरे'कडे गेले. साम्य मोहात पाडणारे आहे. पण दोन्ही निकाल ज्या आधारावर उभे आहेत ते पाहावे. मीमांसेत सर्वांत बलवान प्रमाण आहे श्रुती, म्हणजे स्पष्ट शब्दांत केलेले विधान. ऋचा वळवली गेली ती कोणीतरी तसे उघड सांगितले म्हणून. आपल्या नोंदीच्या बाबतीत कोणी काहीच सांगितलेले नव्हते.

आणखी एक भेद आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन प्रमाणे समबल असतील तर मीमांसक विकल्प मानतात. यज्ञात भात चालेल किंवा जव चालेल. कंपायलर विकल्प मानत नाही. दोन विधी सारख्याच पायरीवर आले तर तो 'संदिग्ध' असा दोष दाखवून थांबतो. आपण त्याला संदिग्धतेचा शत्रू म्हणतो ते एवढ्यावरून. पण तो थांबतो केवळ बरोबरीत. एक अर्थ दुसऱ्यापेक्षा केसभर जरी सरस ठरला तरी तो गप्प बसून पुढे जातो. निसटत्या मताने जिंकलेला अर्थ आणि एकमताने जिंकलेला अर्थ यांत त्याच्या लेखी फरक नसतो. काही कंपायलर अशा ठिकाणी इशारा देतात, पण तो आधी मागून घ्यावा लागतो.

आता काव्यशास्त्राकडे. नैयायिकांनी वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी यांची अट घातली. अग्नीने झाड शिंपले असे कोणी म्हटले तर आकांक्षा आहे, शब्द जवळजवळही आहेत. नाही ती योग्यता. संगणकभाषांत ज्याला प्रकारांची तपासणी म्हणतात ती योग्यतेचीच परीक्षा. अमुक विधीला अमुक प्रकारचे साहित्य चालते, तमुक चालत नाही. योग्यता नसेल तर वाचक काय करतो? एकतर 'कळले नाही' म्हणतो, नाहीतर लक्षणेचा आश्रय घेतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत: मुख्यार्थाला बाध यायला हवा, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध हवा, आणि तिच्यामागे रूढी किंवा प्रयोजन हवे. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटल्यावर आपण तीरावर असे समजतो, कारण प्रवाहात वाडा असू शकत नाही, तीर प्रवाहाला लागून असते, आणि गंगेचे नाव घेतल्याने शीतलता व पावित्र्य सुचवायचे असते.

कंपायलरचे अध्याहृत रूपांतर म्हणजे यंत्राची लक्षणा, असे मी म्हणतो ते शब्दखेळ म्हणून नव्हे. पहिली अट तो पाळतो: तंतोतंत जुळणारा विधी असेल तर तो रूपांतराच्या वाटेला जात नाही. दुसरीही पाळतो: अक्षर आणि त्याचा संकेतांक, मजकूर आणि त्याचा पत्ता, यांचा संबंध नाकारता येत नाही. तिसरीपाशी गाडी अडते. रूढी आहे, पण ती भाषेच्या जनकांची. या वाक्याच्या लेखकाची नव्हे. प्रयोजन तर नाहीच. 'एम' या अक्षराला ७७ करून कोणालाही काही सुचवायचे नव्हते.

प्रयोजन शोधायचे तर प्रकरण पाहावे लागते. जेवणाच्या पानावर बसलेल्याने सैंधव मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघालेल्याने मागितले तर घोडा, हे लहान मुलालाही कळते. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अर्थनिश्चयाला मदत करणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी दिली आहे; साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काळ असे पुष्कळ काही तीत येते. कन्स्ट्रक्टर निवडताना कंपायलर यांतले जवळपास काहीच पाहत नाही. हाती दिलेल्या साहित्याचे प्रकार तेवढे पाहतो. घडलेली वस्तू पुढे कशासाठी वापरली जाणार, पुढच्याच ओळीत तिच्यावर अक्षरे चिकटवली जात आहेत की नाही, इकडे त्याचे लक्ष नसते. सैंधव म्हटले की जो शब्दार्थ कोशात पहिला, तो आणून तो दारात उभा करतो. पानावर बसलेल्याच्या पुढ्यात घोडा.

स्ट्रिंगच्या आणखी एका विधीत हे फारच गमतीने दिसते. सी प्लस प्लसमध्ये एक अक्षर ठरावीक वेळा उगाळून स्ट्रिंग घडवता येते: आधी संख्या द्यायची, मग अक्षर. पाच वेळा 'ए' हवे असेल तर ५ आणि 'ए'. कोणी चुकून क्रम उलटा केला, आधी 'ए' आणि मग ५, तर दोष दाखवला जात नाही. लहान लिपीतल्या 'ए'चा संकेतांक ९७. म्हणून ज्याचा संकेतांक ५ आहे असे एक न दिसणारे नियंत्रणचिन्ह ९७ वेळा लिहिले जाते. २०११ च्या प्रमाणानंतर त्याच दोन गोष्टी साध्या कंसांऐवजी महिरपी कंसांत लिहिता येऊ लागल्या, तेव्हा तिसराच अर्थ निघू लागला: ५ आणि 'ए' महिरपी कंसांत लिहिले तर पाच 'ए' नव्हेत, दोन अक्षरांची एक यादी मिळते. केवळ कंस बदलला. विरामचिन्हांकडे दुर्लक्ष करणाऱ्या आमच्या मुद्रितशोधकांना हे जरूर सांगावे.

मात्र यंत्राच्या लक्षणेला एक मर्यादा आहे, आणि ती आपल्या शास्त्रातल्या एका जुन्या प्रश्नाला जाऊन भिडते. द्विरेफ म्हणजे भुंगा. हा अर्थ कसा निघतो? द्विरेफ म्हणजे दोन रेफ असलेला; तो शब्द 'भ्रमर'; आणि भ्रमर म्हणजे भुंगा. शब्दावरून शब्द, मग त्या शब्दावरून वस्तू, अशी ही दोन उड्यांची लक्षितलक्षणा. कंपायलर लेखकनिर्मित रूपांतराची अशी एकच उडी मारतो, दुसरी नाही. अवतरणातल्या मजकुरापासून स्ट्रिंग, आणि स्ट्रिंगपासून तुम्ही घडवलेला 'ग्रंथ' नावाचा प्रकार, अशा दोन पायऱ्या असतील, आणि 'ग्रंथ' मागणाऱ्या ठिकाणी तुम्ही नुसता मजकूर दिलात, तर तो नकार देतो. द्विरेफ त्याला कळत नाही. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. सी प्लस प्लसच्या कर्त्यांना हे ठाऊक होते की दोन उड्या मारू दिल्या तर कोठूनही कोठेही पोचता येईल.

मग एक तरी उडी का मारू द्यावी? याला उत्तर आहे आणि ते क्षुल्लक नाही. सदसत् संख्यांचे गणित करणाऱ्याला अशा संख्येत २ मिळवायचे असतील तर त्याने प्रत्येक ठिकाणी '२ पासून घडवलेली सदसत् संख्या' असे का लिहावे? गणितात पूर्णांक हे वास्तव संख्यांत आणि वास्तव संख्या या सदसत् संख्यांत सामावलेल्या आहेत. लिखाणातही त्या तशाच मिसळून जाव्यात अशी इच्छा रास्त आहे. नव्या प्रकारांना जुन्या प्रकारांइतकेच घरगुती वागवता यावे, ही स्ट्रूस्ट्रुप यांची भूमिका त्यांच्या भाषेचे मोठे बळ ठरली. ओघवती लेखनशैली हवी असेल तर काही गोष्टी न सांगता समजल्या पाहिजेत. गो या २००९ साली जाहीर झालेल्या भाषेने दुसरा मार्ग पत्करला: एका नावाचे अनेक विधी नाहीत, आणि संख्यांच्या प्रकारांत आपोआप रूपांतरही नाही. ती भाषा वाचायला स्वच्छ आहे आणि तिच्यात लिहिणारे तिच्यावर खूश आहेत. पण सर्वच लेखन त्या चालीने व्हावे असे कोणी म्हणणार नाही. निदान या पानांवर तरी नाही.

आता उपायाकडे. १९९८ च्या पहिल्या प्रमाणात सी प्लस प्लसला 'एक्सप्लिसिट' हा शब्द मिळाला. कन्स्ट्रक्टरच्या आधी तो लिहिला की तो विधी न सांगता योजला जाऊ शकत नाही. लेखकाने उघड नाव घेतले तरच. लक्षणीय बाब अशी की भाषेतली मूळ अवस्था तरीही उलटीच राहिली. काही न लिहिल्यास विधी मुक्त. बांधायचा असेल तर शब्द लिहा. स्ट्रूस्ट्रुप आणि हर्ब सटर यांच्या संपादनाखाली २०१५ पासून जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध होत आहेत, त्यांत मात्र एकच साहित्य घेणारे विधी सहसा 'एक्सप्लिसिट' करावेत असा सल्ला आहे. म्हणजे भाषा एक सांगते आणि भाषेचा कर्ता तिच्याविरुद्ध सल्ला देतो. मूळ अवस्था बदलली तर जगभरची जुनी लिखाणे अडतील, म्हणून ती बदलता येत नाही. परंपरेचे असे ओझे वाहणारे आपण एकटेच नाही, एवढे समाधान यातून घ्यावे.

पण हा शब्द जिथे अपुरा पडतो ते ठिकाण मला अधिक बोलके वाटते. आपल्या 'नोंद'चे दोन्ही विधी 'एक्सप्लिसिट' केले आणि मग 'नाही' या मजकुरापासून उघडपणे नोंद घडवली, तरी निवड पूर्वीसारखीच होते. पुन्हा 'खरे'. कारण लेखकाने 'मी विधी योजतो आहे' हे जाहीर केले. 'कोणता' ते सांगितलेच नाही. घोषणा झाली, निवड यंत्राकडेच राहिली. यावरचा खरा उपाय जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा' या २००१ सालच्या ग्रंथात अगदी पहिल्या कलमात मांडला होता: एकाच नावाचे अनेक विधी ठेवण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःचे नाव द्यावे. 'मजकुरावरून नोंद', 'होकार-नकारावरून नोंद'. नाव वेगळे असेल तर उतरंड लागत नाही, बढती लागत नाही, आणि 'नाही'चे 'होय' होत नाही.

इथून मी आपल्या अंगणात येतो, कारण मला बोलायचे होते ते यासाठीच.

मराठी समीक्षेत आणि त्याहून अधिक मराठीच्या अध्यापनात अध्याहृत रूपांतरांचा सुकाळ आहे. कादंबरी हाती दिली की ती समाजाचा दस्तऐवज होते. कविता दिली की कवीचे चरित्र होते. १९६३ साली आलेल्या 'कोसला'तील 'मी' हा पांडुरंग सांगवीकर आहे हे पुस्तकच सांगते. तरी वर्गात त्याचे मत हे भालचंद्र नेमाड्यांचे मत म्हणून सहज उद्धृत होते. 'ज्ञानेश्वरी' मराठी विभागात काव्य म्हणून घडते, तत्त्वज्ञानाच्या विभागात अद्वैताचा ग्रंथ म्हणून, पारायणात आणखी काही म्हणून. यांतला एकही विधी चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. कादंबरी दस्तऐवज म्हणून वाचता येते आणि वाचावीही. तक्रार आहे ती रूपांतर मुकाट्याने होण्याची. यंत्राची उतरंड निदान छापलेली तरी आहे. ज्याला पटत नाही तो ती उघडून वाद घालू शकतो. आपली उतरंड कुठेच लिहिलेली नाही. लेखकाचे चरित्र हे पाठाच्या घडणीपेक्षा वरच्या पायरीवर कोणी नेले, कधी नेले, हे शोधायला गेले तर हाती फक्त सवय लागते.

आपण आपल्या विद्यार्थ्यांना नकार शिकवत नाही. परीक्षेतल्या उत्तरपत्रिकांत कोणतीही कविता 'सामाजिक जाणिवेत' रूपांतरित होते. एखादी ओळ या साच्यात बसत नाही, इथे मला बाध येतो आहे, असे लिहिणारा विद्यार्थी विरळा. तसे लिहिले तर गुण मिळतील याची त्याला खात्री नसते, आणि ती नसावी अशी व्यवस्था आपण केलेली आहे. दोष दाखवून थांबणारा कंपायलर हा लेखकाचा मित्र असतो हे प्रोग्रामिंग करणारे फार लवकर शिकतात. घात करतो तो अतिसौजन्यशील वाचक, जो काहीही दिले तरी त्यातून काहीतरी घडवून परत करतो. मुख्यार्थबाध ही आपल्याच शास्त्राने लक्षणेची पहिली अट म्हणून सांगितलेली गोष्ट. बाध जाणवलाच नाही तर पुढची वाट लक्षणेची नाही, नुसत्या घसरणीची आहे.

यावर कोणी म्हणेल, आता तर प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात अभ्यासपद्धती सांगावीच लागते. खरे आहे. तिथे बहुधा 'समाजशास्त्रीय, मानसशास्त्रीय आणि सौंदर्यवादी दृष्टिकोनांतून' असे वाक्य असते. हे 'एक्सप्लिसिट' लिहून विधीचे नाव न सांगण्यासारखे झाले. तीन विधी एका दारावर टांगले आणि प्रत्यक्ष पानावर कोणता चालला ते वाचकाने ओळखावे. त्यापेक्षा 'या प्रकरणात मी ही कादंबरी खानदेशातल्या शेतीव्यवहाराचा पुरावा म्हणून वाचतो. निवेदकाची विश्वासार्हता मी गृहीत धरली आहे' एवढे एक वाक्य अधिक काम करील. मग ज्याला निवेदक अविश्वसनीय वाटतो त्याला बोट ठेवायला जागा मिळते.

ओघ तुटेल, रुक्षता येईल, हा आक्षेप मला मान्य आहे. सदसत् संख्यांच्या वेळी जो युक्तिवाद मी रास्त म्हटला तो इथेही लागू आहे. प्रत्येक उपमेपाशी रूपांतराची पावती फाडणारी समीक्षा कोणीही वाचणार नाही. पण सदसत् संख्येत २ मिसळताना काहीच हरवत नाही. २ पुन्हा जशाच्या तशा काढून घेता येतात. कादंबरीतून दस्तऐवज काढल्यावर त्या दस्तऐवजातून कादंबरी परत मिळत नाही. जिथे परतीची वाट नाही तिथे तरी पावती हवी, अशी माझी मागणी आहे, आणि ती फार मोठी नसावी.

वेगळे नाव देण्याचा मार्ग मराठीने एकदा चोखाळलेलाही आहे. दलित लेखकांच्या पुस्तकांना आत्मचरित्र म्हणावे की आत्मकथन, की स्वकथन, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. त्या वादाकडे केवळ शब्दच्छल म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. मला तो घडणीच्या विधींना वेगळी नावे देण्याचा प्रामाणिक प्रयत्न वाटतो. आत्मचरित्र या नावाखाली नामवंतांच्या कृतार्थ आठवणी घडवणारा जो विधी रूढ होता, त्यात ही पुस्तके मुकाट्याने ओतली जाऊ नयेत म्हणून केलेला. दया पवारांच्या १९७८ सालच्या 'बलुतं'ने तर ही अडचण पुस्तकाच्या आतच मांडून ठेवली आहे. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची दोन नावे, एक सांगणारा आणि एक ऐकून लिहिणारा. वर्गात मात्र आपण ते सारे एकाच 'मी'च्या खात्यावर चढवतो, आणि दगडूचा दया कोणत्या पानावर झाला हे विद्यार्थ्याला विचारत नाही.